माझी डिस्क, आपांचा लॅपटॉप

नळदुर्गात हायवेपासून आत आमचं घर आहे आणि घराच्या पुढच्या खोलीत मी लग्नपत्रिका जुळवून देते. मजकूर टाइप करायचा, वेलबुट्टी लावायची, लग्नघरच्यांना दाखवून चुका काढायच्या आणि छपाईला सोलापूरला पाठवायचं. ही सगळी कामं मी एका जुन्या, जाडजूड लॅपटॉपवर करायची. ऐन लग्नसराईत एका सकाळी तो सुरूच होईना. पंखा फिरत होता, दिवा लागत होता, पण पडदा काळा तो काळाच.

धाराशिवच्या दुरुस्तीवाल्यानं तपासून सांगितलं, "बोर्ड गेलाय. या मॉडेलचा आता मिळत न्हाय. डिस्क मात्र चांगली हाय."

एसटीनं घरी परत आले तर दारात शेजारच्या आपा उभ्या. आपा शिवणकाम करतात, माझ्यापेक्षा वयानं बऱ्याच मोठ्या आणि हसायला लागल्या की त्यांना भिंतीचा आधार लागतो. त्या दिवशी त्या हसत नव्हत्या. लॅपटॉपमध्ये अडकलेली पत्रिका त्यांच्याच मुलीच्या निकाहची होती. आदल्या दिवशी शेवटच्या चुका काढून झाल्या होत्या आणि आज संध्याकाळपर्यंत ती सोलापूरच्या प्रेसला पोचवायची होती.

"आता कसं गे?" त्यांनी विचारलं.

मी पुण्याच्या भावाला फोन लावला. त्याचं म्हणणं, डिस्क काढून फाइल दुसऱ्या कॉम्प्युटरवर घे. पण अडचण वेगळीच होती. मराठी टाइप करायचं माझं सॉफ्टवेअर जुनं, त्याची सीडी कधीच हरवलेली. त्याच्याशिवाय फाइल उघडली की अक्षरांच्या जागी नुसते चौकोन आणि डॉलरची चिन्हं. 'निकाह' लिहिलेल्या ठिकाणी कंसात टक्का यायचा.

"मग डिस्क सिस्टिमसकट उचल," भाऊ म्हणाला, "आणि दुसऱ्या जुन्या लॅपटॉपमध्ये बसव. चालली तर चालली."

"दुसरा जुना लॅपटॉप कुठं मिळायचा?"

आपांनी माझा दंड धरला. "हमारे इथं हाय ना! दिराचा!"

आपांच्या दिरानं तो लॅपटॉप हैदराबादहून आणला होता आणि परदेशी जाताना इथंच ठेवून गेला होता. पासवर्ड त्याच्याही लक्षात राहिला नव्हता. घरातल्या सगळ्यांनी आपापली नावं, म्हशीचं नाव, गावाचं नाव घालून पाहिलं, तरी तो उघडला नाही. तेव्हापासून तो कपाटावर कापडात गुंडाळून पडला होता. यंत्र धडधाकट होतं, फक्त बोलत नव्हतं. आपांनी दिराला फोन करून विचारलं. तिकडून तो म्हणाला, "खोला, फोडा, काय बी करा, भाबी. माझ्यासाठी तो मेलेलाच हाय."

माझ्या खोलीत सतरंजीवर दोन्ही लॅपटॉप पालथे घातले. भाऊ स्पीकरवर होता. "आधी बॅटरी काढा. मग अंगातली वीज उतरवायला एखाद्या लोखंडी वस्तूला हात लावा."

आपांनी पितळी कळशीला हात लावला.

"हे पितळ हाय," मी म्हणाले.

"मग काय, माझी वीज पितळात जात न्हाय?" असं म्हणून त्या भिंतीला टेकल्या. इथून जे हसू सुरू झालं ते दिवसभर आवरलंच नाही. आम्ही दोघींनी मग दाराच्या कडीला हात लावला, खिडकीच्या गजांना लावला, आत्यांच्या, म्हणजे माझ्या सासूबाईंच्या, अडकित्त्यालाही लावला. आत्या बाजेवर सुपारी कातरत होत्या. "माझा अडकित्ता कशाला पायजे गं?" त्या म्हणाल्या. "अंगातली वीज काढायला," असं सांगितल्यावर त्यांनी तो पदराखाली लपवला.

घरातले स्क्रू ड्रायव्हर सगळे दांडगे. शेवटी आपांनी घरून आणलेल्या शिलाई मशिनच्या डबीतला, चपट्या तोंडाचा चिमुकला ड्रायव्हर बसला. माझ्या लॅपटॉपच्या पोटाचं झाकण उघडलं. डिस्क पत्र्याच्या चौकटीत होती. बाजूला ओढली तशी ती अलगद हातात आली, वहीपेक्षा लहान, थंडगार. माझी सगळी कमाई, सगळ्यांची लग्नं या एवढ्याशा वस्तूत होती आणि ती मी तळहातावर धरली होती. आपा म्हणाल्या, "तान्ह्या लेकरासारखं धरलंस की!"

दिराच्या लॅपटॉपमधली डिस्क काढली, तिच्याबरोबर तो न आठवणारा पासवर्डही गेला, आणि त्या जागी माझी सरकवली. बसली! स्क्रू आवळले, बॅटरी लावली, बटण दाबलं. पडद्यावर उजेड आला. ओळखीचं चिन्ह दिसलं. आपांनी "बिस्मिल्ला" म्हटलं, मी हात जोडले, आणि झटक्यात सगळा पडदा निळा झाला. पांढरी इंग्रजी अक्षरं दिसली न दिसली तोच यंत्र बंद पडून आपोआप पुन्हा सुरू झालं. परत निळा. परत बंद.

"गेलं," मी म्हणाले.

फोनवर भाऊ मात्र शांत. "गेलं न्हाय. डिस्कशी बोलायची पद्धत दोन्ही लॅपटॉपची वेगळी हाय. सुरू होताना एफ-टू दाबत राहा. सेटिंग उघडंल. तिथं डिस्कच्या ओळीत जे लिहिलंय ते बदलून दुसरं निवड."

मी एफ-टू असं दाबलं की बटण निखळायचं तेवढं राहिलं. राखाडी पानावर ती ओळ सापडली, बदलली, सेव्ह केली. यंत्र पुन्हा सुरू झालं. चिन्ह आलं. आम्ही निळ्या पडद्याची वाट बघत बसलो. निळं काही आलं नाही. कडेला चक्र फिरलं, फिरत राहिलं, आणि एकाएकी आत्या प्रकटल्या!

म्हणजे माझ्या पडद्यावरचा फोटो. किल्ल्यातल्या नर-मादी धबधब्यासमोर काळा गॉगल लावून उभ्या आत्या. डिस्कला नव्या यंत्राच्या पडद्याचं माप अजून कळलं नव्हतं, त्यामुळं फोटो आडवा ताणला गेला होता. आत्यांची रुंदी दुप्पट, गॉगल परातीएवढा.

बाजेवरून आवाज आला, "मी एवढी जाड हाय व्हय?"

आपा भिंतीवरून घसरत खाली बसल्या. मी सतरंजीवर आडवी झाले. फोनवर भाऊ ओरडत होता, "काय झालं? अगं, जळलं का काय?" मला उत्तर देता येईना. शेवटी आत्यांनीच फोन उचलून सांगितलं, "काय न्हाय, ह्या दोघी येड्या झाल्यात."

डिस्क नव्या यंत्राचा एकेक भाग ओळखत होती. कोपऱ्यात पाट्या उगवत होत्या, हे सापडलं, ते बसवलं. मग यंत्रानं पुन्हा सुरू करायची परवानगी मागितली. ती मी दिली, आणि या वेळी ते मुकाट उठलं आणि आत्याही मापात आल्या. मी टायपिंगचं सॉफ्टवेअर उघडलं. उघडलं! पत्रिका उघडली. एकेक वेलांटी जागच्या जागी. आपांनी मुलीच्या नावावर बोट ठेवलं आणि माझ्या गालाला हात लावून कडाकडा बोटं मोडली.

फाइल मेलनं पाठवायला गेले तर वायफायच धरेना. नव्या यंत्राचा तेवढा एक भाग डिस्कला ओळखता आला नव्हता. आता तो सोडवत बसायला वेळ कुणाला होता? पत्रिका पेन ड्राइव्हवर घेतली, आपांनी तो रुमालात बांधून कमरेला खोचला, आणि आम्ही स्टँडकडे पळत सुटलो.

सोलापूरची गाडी भरलेली होती. कंडक्टरनं विचारलं, "कुठं?"

"सोलापूर," मी म्हणाले आणि आपांकडे पाहिलं. त्यात हसण्यासारखं काही नव्हतं. तरी आम्ही दोघी अशा फुटलो की कंडक्टर थबकलाच. "लग्नाला निघालाव का?" त्यानं विचारलं.

"लग्नच घेऊन निघालोय," आपा म्हणाल्या आणि डोळे पुसत त्यांनी दोन तिकिटं मागितली.