तारांखालची बोट

आमचे हे मूळचे अकोल्याचे. समुद्र त्यांनी पहिल्यांदा पाहिला तो लग्नानंतर, माझ्या माहेरी रत्नागिरीला, तोही पँट गुडघ्यापर्यंत दुमडून. असा माणूस लखनौच्या प्रयोगशाळेतून निवृत्त झाल्यावर तिथेच जुनी मोटरबोट विकत घेतो, तेव्हा बायकोने काय म्हणावं? मी "बरं" म्हटलं. लखनौत राहून जीभ गोड झाली असावी.

बोट तेलीबागेतल्या आमच्या दारात ट्रेलरवर उभी राहिली. मग तिच्यावर रेडिओ हवासा झाला. गोमतीवर बोलणार कोणाशी, असं मी विचारलं.

"तुझ्याशी. तू काठावर हातातला सेट घेऊन बस. पुढे बोट कोकणात न्यायचीच आहे, तोवर सराव."

परवाना आला, मग अँटेना आला: पांढरी दांडी, माझ्या दीडपट लांब. तो बसवायचं काम मात्र ह्यांनी मन लावून केलं. बसणाऱ्याच्या डोक्याजवळ येऊ नये म्हणून जागा दोनदा बदलली, खालून धातूची पट्टी देऊन बोल्ट आवळले, केबलच्या जोडात पाणी शिरू नये म्हणून टेप गुंडाळली. अँटेना जोडल्याशिवाय बोलायचं बटण दाबायचं नाही, सेट जळतो, हे तर मला इतक्यांदा ऐकवलं की सब्जीवाल्या भैयालाही पाठ झालं असेल. बुडाशी बिजागरी होती, त्यामुळे दांडी आडवी पाडता येई. एवढं सगळं करून साहेब ती उभी करायला निघाले दारातच. वर गल्लीभर विजेच्या तारा.

"अहो, तारा," मी म्हटलं.

"लाइट आहे कुठे? सकाळपासून गेलीय. आत्ताच पटकन उभी करून बघतो."

माझं डोकंच फिरलं. साधा बल्ब बदलताना मेन स्विच दोनदा तपासणारा हा माणूस, आणि इथे भरवसा कशावर, तर गेलेल्या लाइटवर. आमच्या गल्लीत ती सांगून जात नाही आणि सांगून येतही नाही. मी पदर खोचला, बोटीत चढले आणि आडवी दांडी दोन्ही हातांनी दाबून बसले.

"अगं, सोड. लोक बघतायत."

"बघू देत."

शेजारीण फाटकात येऊन उभी राहिली. "भाभीजी, नाव चलने वाली है क्या?"

"हाँ, बस ये मान जाएँ."

हे मानायला तयार नव्हते. दांडीचं वरचं टोक त्यांनी धरलं, मी सोडेना. आमची ही ओढाताण चालू असतानाच गल्लीभर एकच ओरडा झाला, "आ गई!" समोरचा कूलर घरघरायला लागला.

ह्यांनी वर तारांकडे पाहिलं. मग हातातलं टोक हळूच खाली ठेवलं. चेहरा पांढराफटक पडला होता. मी दोरी मागितली, त्यांनी निमूट दिली. दांडी मी आडवीच करकचून बांधली. पुढे रविवारपर्यंत मी त्यांच्याशी फक्त पोळी वाढण्यापुरतं बोलले.

रविवारी नदीवर आम्ही दोघांनी मान वर करून आधी आकाश तपासलं. एकही तार नव्हती. तेव्हा कुठे दांडी उभी झाली, आणि हे एकदाचे पाण्यात गेले. मी काठावर सेट घेऊन बसले. तो खरखरला.

"ऐकू येतंय का? ओव्हर."

येत होतं. हे इतके जवळ होते की रेडिओ नसता तरी आलं असतं. तरी मी सेट कानाशी घट्ट धरला. मग बटण दाबलं.

"येतंय," मी म्हटलं. "बोलत राहा."