हलक्या झालेल्या बारा गाड्या

पुंजाराम भगताला कुणी वय विचारलं की तो आकडा सांगत नसे. "पोलिस ॲक्शन झाली तव्हा मी मायच्या कडंवर व्हतो," एवढंच म्हणायचा आणि उरलेली बेरीज समोरच्यावर सोडायचा. ही गोष्ट घडली त्या साली बेरीज अडुसष्टाच्या आसपास जात होती. पण पुंजारामच्या मिशा अजून काळ्या होत्या. त्या कशामुळं काळ्या होत्या ते फक्त सरूबाईला, म्हणजे त्याच्या बायकोला ठाऊक.

चिकलठाण्याच्या पलीकडं, जालना रोड सोडून आत वळलं की आमचं गाव. कंपन्या आल्या, प्लॉट पडले, निम्मं गाव पाळीत कामाला जाऊ लागलं, तरी खंडोबा जागचा हलला नाही. अक्षय तृतीयेला त्याची यात्रा. त्या दिवशी बारा बैलगाड्या एकीमागं एक बांधतात, त्यात माणसं बसवतात, आणि ही सगळी माळ बैलांनी नव्हे, भगतानं ओढायची. भगताच्या कमरेला रुंद चामडी पट्टा, पट्ट्याला लोखंडी कडी, कडीला दोर. दोन्ही बाजूंना आधाराला दोन माणसं, त्यांना बगले म्हणतात. वेशीपासून देवळापर्यंत रस्त्याला जरा उतार आहे, हे पुंजारामही कबूल करायचा. "उतार देवानंच दिला ना?" असं वर म्हणायचा.

एरवी तो कोथिंबीर आणि मेथी लावणारा साधा मळेकरी. पण रविवारी सकाळी देवळाच्या ओट्यावर बसला की गावाचं हायकोर्ट. कुणाची म्हैस आटली, कुणाच्या पोरीचं जमंना, कुणी नवी मोटारसायकल आणली, सगळे तिथं. आणि दोघांत वाद असला की पुंजाराम म्हणायचा, "उचल बेलभंडारा." तळहातावर बेलाचं पान, त्यावर चिमूटभर हळद. ते हातात घेऊन आमच्या गावात कुणी खोटं बोलत नाही. कोर्टात बोलतात, तिथं नाही.

एक्केचाळीस वर्षं त्यानं गाड्या ओढल्या. छत्तिसाव्या साली पहिल्यांदा गाड्या हलल्याच नाहीत. पुंजारामचा चेहरा भंडाऱ्याखालूनही काळानिळा दिसायला लागला. उजवा बगल्या होता फकिरा, त्याच्या बहिणीचा पोरगा, चाळिशीचा गडी. त्यानं मागं बघून नुसती मान हलवली. मागच्या चौघांनी शेवटच्या गाडीला खांदा दिला आणि माळ सरकली. पुंजाराम देवळाशी पोचला तो न धापता. "लेकरांनो," तो म्हणाला, "यंदा गाड्या फुलावानी आल्या बघा."

झालं, तिथंच गावाची चूक झाली.

पुढल्या साली चौघांचे आठ झाले. त्याच्या पुढल्या साली लाकडी चाकांच्या गाड्या काढून रबरी टायरच्या आणल्या, कण्यात ग्रीस भरलं, बसवायला बारीक अंगाची माणसं हेरली. पुंजाराम दर साली जास्तच टवटवीत पोचायला लागला. त्यातनं त्यानं जे अनुमान काढायचं तेच काढलं. देव म्हातारपणी आपले लाड करतोय. एक्केचाळिसाव्या साली त्यानं माईक ओढून घेतला आणि जाहीर केलं, "पुढल्या खेपंला बारा नाय, अठरा जोडा! येळकोट येळकोट!" लोकांनी जयमल्हार केला आणि एकमेकांकडं बघितलं.

त्यानंतरच्या शिमग्यात वाफ्याला पाणी देता देता पुंजाराम खाली बसला, तो उठंना. सरूबाई आणि फकिरानं त्याला शहरात नेलं. उमा नावाच्या तरुण डॉक्टरीणबाईंनी सगळ्या तपासण्या केल्या आणि सांगितलं, हृदय निम्म्या ताकदीनं चालतंय. पाण्याची बादलीसुद्धा उचलायची नाही.

"बाई, मी उचलतो कुठं? मी तर वढतो," पुंजाराम म्हणाला.

"काय ओढता?"

"बारा गाड्या. यंदा अठरा."

बाईंनी चष्मा काढला. "बाबा, यंदा ओढल्या तर शेवटच्या ओढाल."

"तुमी सहा साल आधी भेटायला पायजे व्हत्या. तव्हा तकलीफ व्हती मला. आता नाय. आता देव वढतो."

यात्रेला पंधरा दिवस राहिले तेव्हा देवळामागच्या लिंबाखाली बैठक बसली. यात्रेचे पुढारी नानासाहेब, फकिरा, आणखी आठदहा जण. भगताला थांबा म्हणायचं कुणी, हा प्रश्न. नानासाहेबांचं म्हणणं, आजवर एकाही भगतानं जित्यापणी पट्टा सोडला नाही. पुंजारामच्या बापाचा पट्टा चौघांनी तिरडीवर ठेवायच्या आधी सोडला होता. "रीत म्हंजे रीत. आपण असं करू, चाळीस माणसं लावू मागं. त्याला नुसतं चालायचं."

"आन चालताचालता पडले तर?" फकिरा म्हणाला. "दोर माझ्या हातात ऱ्हाईल नानासाहेब, मामा नाय ऱ्हायचे."

"मग तू सांग त्याला."

"मी? मला पट्टा पायजे म्हून बोलतो म्हंतील की."

सरूबाई प्रदक्षिणा घालत होती. ती थांबली. पदर खोचला आणि सरळ बैठकीत आली.

"चाळीस लावताव? शंभर लावा! आरं, तुमी ढकलता म्हून तर ह्ये थांबंनात! त्येंना वाटतं देव ढकलतो. तुमी सगळे मिळून माझ्या मालकाचे देव झालाव का?"



रात्री भाकरी वाढताना तिनं नवऱ्याला सगळं सांगून टाकलं. पुंजाराम हसला. "त्या डॉक्टरणीनं पढवलं व्हय तुला?"

"माझ्यावर इस्वास नाय ना? मग रविवारी फकिराला इचारा. हातावर बेलभंडारा ठिवून इचारा."

रविवारी ओट्यावर नेहमीचीच गर्दी होती. पुंजारामनं फकिराला पुढं बोलावलं, त्याच्या तळहातावर बेलाचं पान ठेवलं, वर हळद टाकली.

"बोल. गाड्या कोण ढकलत व्हतं?"

"मामा, मी नाय ढकलल्या. मी तर तुमच्या बगलंत व्हतो."

"ते मी बघत व्हतो. मागं कोण व्हतं?"

फकिरानं हातातल्या पानाकडं पाहिलं. मग खाली मान घालून म्हणाला, "पैल्या साली चार. मागल्या साली बावीस."

"बावीस!" पुंजारामनं गर्दीवर नजर फिरवली. "कोण कोण?"

एकेक हात वर आला. पुंजाराम मोजत गेला. सगळ्यात मागं, इस्त्रीच्या सदऱ्यातला एक हात अर्धाच वर आला.

"नानासाहेब, तुमी बी?"

"मी आपला नुसता हात लावला," नानासाहेब म्हणाले.

"मी बी नुसता हातच लावला," शेजारचा म्हणाला. मग सगळेच तेच म्हणायला लागले.

"कुणीच ढकललं नाय, तर काय गाड्या लाजून पुढं आल्या?" पुंजाराम ओरडला. कुणीतरी फिसकन हसलं आणि लगेच गप्प झालं. पुंजाराम उठला आणि घरी गेला. दोन दिवस जेवला नाही, कुणाशी बोलला नाही. तिसऱ्या दिवशी सरूबाईला एवढंच म्हणाला, "बावीस जण लाज राखत व्हते माझी, आन मी माईकवर अठरा जोडा म्हणलो."

"म्हणलं तर म्हणलं. भाकरी खा."

अक्षय तृतीयेला पुंजाराम न्हाऊन, कोरं धोतर नेसून वेशीत आला. पट्टा कमरेला नव्हता, खांद्यावर होता. त्यानं फकिराला जवळ ओढलं आणि त्याच्या कमरेला तो आवळायला लागला.

नानासाहेब पुढं झाले. "भगत, जित्यापणी पट्टा उतरत नाय."

"माझा सहा साल झाले उतरून. तुमी लोकांनी कळू दिलं नाय, एवढंच." त्यानं कडी खेचून बघितली. "बारा जोडल्यात ना? बाराच. आन मागं कुणी हात लावल, त्याला बेलभंडारा उचलाया लावीन."

मग तो पहिल्या गाडीत चढला. चढला म्हणजे दोघांनी चढवला. सरूबाई शेजारी बसली. आयुष्यात पहिल्यांदा तो गाडीत बसून निघाला होता.

फकिरानं दोर ताणला. गाड्या हलल्या नाहीत. मागच्या माणसांचे हात शिवशिवत होते. पुंजाराम गाडीच्या कठड्यावर वाकला.

"खांद्यानं नको! कमरंत बस! टाच रव!"

फकिरा खाली बसल्यासारखा झाला, टाचा मातीत रुतल्या, आणि चाकं कुरकुरत फिरली. पहिल्या खड्ड्यात पुंजारामचं डोकं सरूबाईच्या डोक्यावर आदळलं.

"अगं, इतकं हादरतं व्हय ह्यात? एक्केचाळीस साल लोकं बसली, कुणी बोललं नाय!"

"तुमच्यासमोर कोण बोलणार?" सरूबाई कपाळ चोळत म्हणाली.

देवळाशी माळ थांबली तेव्हा गर्दी फकिराच्या पायांवर तुटून पडली. पुंजारामकडं कुणी आलं नाही. तो कठड्याला धरून हळूहळू एकटाच उतरला, गर्दीतनं वाट काढत गेला. फकिरा उभ्याउभ्या धापत होता, कुणीतरी त्याच्या हातात तांब्या दिला होता. पुंजारामनं तो काढून घेतला.

"लगीच पाणी पिऊ नको," तो म्हणाला. "आधी बस. छातीतलं खाली येऊ दे." आणि लोकांना हातानं मागं सारून त्यानं ओट्यावर जागा केली.