चावलेलं टोपण
आत्ता लेक्चरमधी बसल्या बसल्या पेनाचं टोपण चावलं अन् त्या प्लास्टिकच्या चवीनं एकदम वाशीमचं कॉलेज आठवलं! टॅबवर पेनानं लिहून शिकवायच्या संशोधनाले विद्यापीठानं पैसे देले होते, अन् पुढचे द्यायचे का नाही हे पाहाले एक मॅडम आल्या होत्या. त्या नाही म्हटल्या तं गणिताच्या सरचा टॅब वापस जाणार होता. बाहेर सोयाबीनच्या मळणीची धूळ, म्हणून खिडक्या बंद, आत उकाडा, अन् प्रोजेक्टरनं भिंतीवर सरचं टॅबवरलं अक्षर मोठ्ठं दिसून राह्यलं होतं. गणित अर्ध्यात आलं अन् सरनं सवयीनं, फळा पुसावा तसा, टॅबवर तळहात फिरवला. सारं पानच गायब! मागून एक जण बोलला, "सर, डस्टर आणू काय?" सारे खो खो हासले. मॅडम नाही हासल्या, त्याइनं विचारलं, "सर, मग फळा काय वाईट होता?" सर घाम पुसत म्हणे, "मॅडम, फळ्यावर लिवताना माही पाठ राह्यते पोराइकडे. आता तोंडं दिसतात. ते पोरगी पाहा, टोपण चावून राह्यली, म्हंजे मागची पायरी समजली नाही तिले." ते पोरगी म्हंजे मी! "खरंय का गं?" मॅडमनं विचारलं. मी टोपण तोंडातून काढलं अन् मान हलवून हो म्हटलं. सरनं ते पायरी पुन्हा लिहिली. पुढचे पैसे मंजूर झाले. आता मी मोठ्या शहरात एमेस्सी करून राह्यली. इथले सर फळ्याकडे तोंड करून लिहून राह्यले. माहं टोपण पार चपटं झालं, अन् ते अजून वळले नाहीत.