नीलकंठाला दिलेलं सोनं

आमच्याकडे दसरा दोनदा होतो, असं बाबा चेष्टेनं म्हणायचे. संध्याकाळचा त्यांचा, आपट्याची पानं वाटायचा. सकाळचा आईचा. आई मालवी शेतकऱ्याची मुलगी. मिलमधल्या मराठी कारकुनाच्या मुलाशी लग्न केलं म्हणून तिचं माहेर कायमचं तुटलं. तिच्याकडे दसऱ्याला नीलकंठ पक्षी बघतात आणि मनातलं त्याला सांगतात. तो ते देवापर्यंत पोचवतो. आता शहरातल्या विजय नगरात नीलकंठ कुठून दिसणार? म्हणून आई मला स्कूटरवर बसवून थेट मानपूरच्या पुढे न्यायची. इतक्या लांब कशाला, हा प्रश्न मला कधी पडला नाही. मी तशी मठ्ठच.

आठ वर्षांची होते तेव्हाची गोष्ट. ऊन चढलं तरी एकही पक्षी दिसेना. कापलेल्या सोयाबीनच्या शेताकडेनं एक कच्चा रस्ता गावात जात होता आणि आई आभाळ सोडून त्या रस्त्याकडेच बघत होती. शेवटी एक नीलकंठ विजेच्या तारेवर येऊन बसला. आईनं हात जोडून डोळे मिटले. मला वाटलं, दसऱ्याला भेटलेल्याला सोनं द्यायचं असतं. खिशातलं आपट्याचं पान काढून ‘सोनं घ्या, सोनं घ्या’ ओरडत मी तारेखाली धावले. तो भुर्रकन उडाला.

‘‘जाऊ दे बेटा, अगले साल सांगू,’’ आई म्हणाली. तिनं स्कूटर वळवली. तिचं मागणं दरवर्षी एकच असायचं, हे पुढे बाबांनी सांगितलं: वडिलांनी एकदा तरी घरी बोलवावं. तिनं मला दोन धपाटे घातले असते तर बरं झालं असतं, असं अजून वाटतं.

बोलावणं आलं नाही. आई गेली त्याला दोन वर्षं झाली. यंदा दसऱ्याला एकटीच गेले. नीलकंठ लगेच दिसला, पण त्याला काय सांगायचं ते सुचेना. मग त्या कच्च्या रस्त्यानं पहिल्यांदाच आत, आईच्या गावात चालत गेले.

पहिल्याच अंगणात एक म्हातारी सोयाबीन वाळत घालत होती. ‘‘किसके यहाँ आई हो, बेटा?’’ मी आजोबांचं नाव सांगितलं. त्यांच्या मुलीची मुलगी, म्हटलं.

तिनं मला पाणी दिलं. मग जरा गोंधळून म्हणाली, ‘‘पर उनके तो तीन बेटे ही थे. बेटी तो कोई नहीं थी.’’

‘‘होती,’’ मी म्हणाले. मराठीतच निघालं तोंडून.