पाठ म्हटल्याशिवाय औषध नाही

आमच्या घरात औषध कधी नुसतं मिळालं नाही. आधी ते कसं घ्यायचं हे पाठ म्हणून दाखवावं लागे. लहानपणी मला खोकला झाला की आत्या चमचा उंच धरून विचारायची, "केव्हा घ्यायचं?" मी म्हणायची, "सकाळी, जेवल्यावर. संध्याकाळी, जेवल्यावर. वरून पाणी नाही." मग चमचा तोंडात. मैत्रिणींच्या घरी असं काही नसतं हे कळलं तेव्हा मला त्यांचीच दया आली होती. औषध कडू असलं तरी पाठ बरोबर आल्याचा आनंद जिभेवर राहायचा. तो आनंद मला अजून आठवतो, खोकला आठवत नाही.

ही रीत माझ्या पणजोबांची, म्हणजे आत्याच्या आजोबांची. मी त्यांना पाहिलेलं नाही. माझ्याकडे जे आहे ते आत्याकडून आलेलं. ते आधी कामठीच्या शाळेत मास्तर होते. भाद्रपदात हिवतापाने अर्धा वर्ग रिकामा व्हायचा. शाळा सुटली की ते गैरहजर मुलांच्या घरी जात, अंगाला हात लावून बघत आणि परत येत, कारण त्यापलीकडे त्यांना काही येत नव्हतं. तेच त्यांना सहन झालं नाही. नागपुरात डॉक्टरकी शिकवणारी शाळा निघाली तेव्हा बायकोमुलांचा संसार असताना ते तिथे दाखल झाले आणि स्वतःच शिकवलेल्या पोरांच्या शेजारी बाकावर बसले. पोरं उठून उभी राहायची. "बसा रे खाली, आता मीही नापास होऊ शकतो," असं ते म्हणाल्याचं आत्या सांगते.

दवाखाना त्यांनी कामठीतच काढला. खडू सुटला, मास्तरकी सुटली नाही. कंपाउंडर बाटलीला मात्रेच्या खुणा कातरलेला कागद चिकटवायचा, पण बाटली पणजोबांच्या टेबलावर राहायची. बहुतेक रोग्यांना वाचता येत नव्हतं. त्यांनी पाठ म्हटला की बाटली हातात. चुकलं की, "पुन्हा." लोक त्यांना डॉक्टरमास्तर म्हणत. एक विणकर भर दवाखान्यात म्हणाला होता, "मास्तर, ताप उतरला गा, पन तुमचा पाठ काही उतरून नाही राहिला." आत्या तेव्हा फ्रॉकमध्ये होती. उंबऱ्यावर बसून ती रोग्यांच्या आधीच पाठ म्हणून टाकायची आणि ओरडा खायची.

आता तिने ऐंशी ओलांडली आहे. नागपुरात हुडकेश्वरला स्वतःच्या घरात एकटी राहते. हिवाळ्यात चक्कर येऊन ती अंगणात पडली. हाड मोडलं नाही, पण पुण्याहून तिच्या मुलाचा मला फोन आला. "ताई, आई गोळ्या नीट घेत असेल तर राहू दे तिथे. नाहीतर होळीनंतर मी न्यायला येतो." तिला पुणं नको होतं. "तिकडे मला ओळखतं कोण? आणि ऊन तरी धड कुठे आहे तिथे?"

लक्ष ठेवायचं काम माझ्याकडे आलं. अशी कामं माझ्याकडेच येतात. मी गोळ्यांची यादी मोठ्या अक्षरात लिहून फ्रिजवर लावली आणि दर रविवारी जाऊ लागले. मी चपला काढेपर्यंत ती खुर्चीत ताठ बसून म्हणायची, "सकाळी पांढरी, पोह्यांनंतर. दुपारी काही नाही. रात्री गुलाबी आणि अर्धी पिवळी." एक शब्द चुकत नसे. मी आतेभावाला कळवायची, सगळं ठीक. आमच्या घरात वाढलेल्या माणसाला याहून मोठा पुरावा लागत नाही.

तपासणीत मात्र रक्तदाब चढलेला निघाला. डॉक्टरांनी गोळी वाढवली. नवी पाकिटं ठेवायला मी तिचा ड्रॉवर उघडला, तर जुनी जवळजवळ भरलेली.

"आत्या, गोळ्या घेतल्या नाहीस?"

"काहून? सकाळी म्हटल्या ना मी."

"म्हटल्यास. घेतल्यास का?"

ती खोटं बोलत नव्हती. रोज ती पाठ म्हणायची, आणि पाठ म्हटला की तिच्या लेखी औषध झालेलं असायचं. हळूहळू तिलाही ते उमगलं आणि तिचा चेहरा उतरला.

"त्याला सांगशील?"

"सांगावं लागेल. पण आधी उपाय काढू."

वारांचे खण असलेल्या गोळ्यांच्या डबीला तिने नकार दिला. गजरालाही दिला, तो वाजला की कुकरची शिट्टी समजून ती गॅस बंद करायला धावते. मी म्हटलं, "मग आधी गिळ आणि नंतर पाठ म्हण."

"उलटं? आजोबांनी असं कधी केलं नाही."

मी वाद सोडून चहा ठेवायला गेले. आलं किसत होते तोच मागून आवाज आला.

"हिवतापाच्या गोळीचं, कुनैनचं मात्र वेगळं होतं."

"काय वेगळं?"

"कडू म्हणून पोरं गोळी गालात धरत अन् बाहेर जाऊन थुंकत. म्हणून आजोबा ती आधी द्यायचे, वरून पाणी, आणि मग पाठ. तोंड उघडलं की आतलं दिसतं न." ती हसली. "मीही धरली होती एकदा. 'सकाळी' म्हणायला गेले अन् गोळी त्यांच्या टेबलावर."

"मग आजपासून तुझ्या सगळ्या गोळ्या कुनैन."

"तू मले पोरगी समजून राहिली काय वं?"

"हो."

डॉक्टरांना खरं सांगितलं तेव्हा त्यांनी जुनीच मात्रा ठेवली. आतेभावालाही सगळं सांगितलं. तो म्हणाला, "उद्या सकाळी मलाही व्हिडिओ कॉलवर घे."

आत्याने फोन बरणीला टेकवला होता, त्यामुळे आम्हाला आधी छताचा पंखा दिसला, मग ती. पांढरी गोळी, पाण्याचा घोट, मान वर. ती पाठ म्हणू लागली आणि पहिल्याच वाक्यात अडली. पुण्याकडचा चेहरा गंभीर झाला.

"आज पोहे नाही केले, उपमा केला," ती म्हणाली. "आता ते कसं म्हणू? तू तोंड बघ आधी." आणि तिने फोनसमोर मोठा आ केला.

"दिसलं," तो म्हणाला. होळीनंतर न्यायला येण्याचं काही बोलला नाही.