उद्यापनाचं पनीर

आता कुठल्या तोंडाने सांगू तुम्हाला! उपासतापासात मी एकदम पक्की, हे माहेरी-सासरी सगळ्यांना ठाऊक. आणि नेमकी माझीच अशी फजिती व्हावी?

आम्ही तेव्हा लखनौला, महानगर नावाच्या वस्तीत राहायचो. ह्यांची संशोधन संस्थेतली नोकरी दरवर्षी मुदतवाढीवर चालायची. ती कायम व्हावी म्हणून मी संतोषीमातेचे सोळा शुक्रवार धरले. या व्रतात आंबटाला सक्त मनाई. खायचं तर नाहीच, हातसुद्धा लावायचा नाही. उद्यापनाला आठ मुलगे जेवू घालायचे आणि त्यांच्याही पोटात आंबट जाऊ द्यायचं नाही. गेलं, की व्रत मोडलं. पुन्हा पहिल्यापासून!

उद्यापनाच्या सकाळी लोणचं, चिंच, दही, आमचूर, लिंबं, सगळं ह्यांच्याकडून टोपलीत भरवून मी शेजारच्या मिश्रा आंटींकडे रवाना केलं. भाजीत टोमॅटोसुद्धा नाही, बोला!

पण आमची पाच वर्षांची मनू सारखी पायात पायात. "आई, हम भी बनाएँगे!" पोरीला मराठी सगळं कळायचं, उत्तर मात्र लखनवी हिंदीत. मुलांना स्वयंपाकात सामील करून घ्यावं, असं मी कुठेसं वाचलंही होतं. म्हटलं, हिच्याकडून पनीर करून घेऊ. दूध फाटताना बघायला मुलांना भारी गंमत वाटते.

"जा गं मनू, मिश्रा आंटींकडून एक लिंबू घेऊन ये."

हो, हो. हे मीच म्हटलं. हसू नका इतक्यात.

मनूने स्टुलावर उभं राहून लिंबू पिळलं. दूध फाटलं. तिने टाळ्या वाजवल्या. मीही वाजवल्या!

दुपारी मुलगे आले. मी दारातच एकेकाचे खिसे तपासले. वरच्या मजल्यावरच्या बंटीकडे चूरनच्या गोळ्या सापडल्या.

"आंटी, ये तो मीठी वाली है!"

"चुपचाप इधर रखो. व्रत का मामला है."

ह्यांचेही खिसे तपासले. घरचा माणूस म्हणून काय झालं?

खीर, पुरी, चणे, मटार-पनीर. पोरं पनीरवर नुसती तुटून पडली.

"आंटी, पनीर कितना मुलायम है!" बंटी म्हणाला. "किस दुकान का है?"

झालं! माझ्या अंगात कौतुक संचारलं. "दुकान का नहीं बेटा, हमारी मनू ने बनाया है. मनू, सबको बता, कैसे बनाया!"

मनू पाटावर चढली. "पहले दूध गरम हुआ. फिर हमने पूरा नींबू निचोड़ दिया!"

आठही घास तोंडाशी थांबले.

"आंटी," बंटी हळूच म्हणाला, "नींबू तो खट्टा होता है ना?"

वाढायला आलेल्या मिश्रा आंटी पुऱ्यांचं ताट घेऊन मटकन खाली बसल्या. "हाय राम! हम तो समझे, आपको बिटिया की नज़र उतारनी है!"

मी ह्यांच्याकडे पाहिलं. केमिस्ट्रीत पीएचडी केलेला माणूस! "सकाळी तिथेच उभे होतात ना हो? बोलला का नाहीत?"

"मला वाटलं, देवीने पनीरला सूट दिली असेल."

मग काय, पुन्हा पहिला शुक्रवार. ह्यांची नोकरी अजून लटकलेलीच. देवी आता कंटाळेल की काय, अशी धाकधूक होतीच. पण म्हटलं, आई आहे ती, लेकरावर किती वेळ रुसेल? या खेपेला चुकायचं नाही. भल्या सकाळी उठून न्हाले, देवघर लख्ख केलं, तांब्याचं ताम्हण तर असं उजळलं, की त्यात तोंड बघावं. मग मनूला स्वयंपाकघराच्या दारात उभं केलं.

"आज तू इन्स्पेक्टर. ज्याच्या हाताला आंबट वास, त्याला आत सोडायचं नाही. अगदी मलासुद्धा नाही!"

"तो हाथ दिखाओ, आई."

मी मोठ्या ऐटीत दोन्ही हात पुढे केले. तिने वास घेतला, नाक मुरडलं, आणि दारात हात पसरून आडवी उभी राहिली.

ताम्हण मी चिंचेने घासलं होतं.