कार्डावरचा बाप

कल्याण कोर्टात गरिबाला सरकारी खर्चाने वकील मिळतो, हे आता बऱ्याच लोकांना ठाऊक असतं. तो वकील बाई असू शकते आणि तिचं डोकं तापट असू शकतं, हे मात्र माझ्या टेबलासमोर आल्यावरच कळतं. मोफत विधी साहाय्याच्या यादीवर मी कित्येक वर्षं आहे. किरकोळ चोऱ्या, मारामाऱ्या, नवऱ्याने टाकलेल्या बायका, असलं सगळं माझ्याकडे येतं. आवाज मोठा, जीभ तिखट. डोंबिवलीत आमच्या सोसायटीच्या मीटिंगला मी आले की सेक्रेटरी आधी पाणी पिऊन घेतो.

त्या दिवशी आंबिवलीहून एक बाई आली. चाळिशीच्या आसपासची, घाईत नेसलेली साडी, छातीशी धरलेली जाड प्लास्टिकची पिशवी. बरोबर शाळेच्या गणवेशातली एक मुलगी, तिसरी-चौथीतली असेल.

"मॅडम, माझ्या बहिणीला पोलिसांनी उचलली. मी जामीन राहते. कागद सगळे हायेत माझ्याकडे."

पिशवी तिने टेबलावर पालथीच केली. रेशनकार्ड, लाइटबिल, जातीचा दाखला, शाळा सोडल्याचा दाखला, लग्नाचा दाखला, सगळं एकेका प्लास्टिकच्या खोळीत. एवढे नीट ठेवलेले कागद मी वकिलांकडेसुद्धा पाहिलेले नाहीत. मी विचारलं, बहीण सख्खी की चुलत? तिने मुलीकडे पाहिलं आणि तिला पाण्याची बाटली भरून आणायला पिटाळलं.

"बहीण म्हणजे शेजारीण ओ. पण बहीणच."

ती शेजारीण म्यानमारची होती. तिकडे गाव जाळलं, माणसं मारली, तेव्हा ही नवऱ्याबरोबर पोटाशी तान्ही मुलगी घेऊन पळाली. दिल्लीत निर्वासितांचं काम बघणारं एक परदेशी ऑफिस आहे. त्यांनी चौकशी करून तिला आणि मुलीला कार्ड दिलं होतं, की ही माणसं जिवाच्या भीतीने आलेली आहेत. नवरा बांधकामावर आला, पुढे परांचीवरून पडून गेला. मग ही आंबिवलीच्या चाळीत राहिली, इमिटेशनच्या कानातल्यांना घरी बसून खडे चिकटवायची. मुलगी, हीच गणवेशातली, मराठी शाळेत जायची आणि समोर बसलेल्या या बाईला मावशी म्हणायची.

ऐकून मला जरा हुरूप आला. आपल्याकडे निर्वासितांसाठी वेगळा कायदा नाही, तरी असं कार्ड असलं की कोर्टापुढे उभं राहून काही बोलता येतं. पळून आलेय, लपवलं काहीच नाही, परत पाठवलंत तर मरेल. मी म्हटलं, मग घाबरता काय, ते कार्ड दाखवलं ना पोलिसांना?

"नाय ना. तिने आधी दुसरं दाखवलं. आपलं. आधार कार्ड."

"तिच्याकडे आधार कार्ड कुठून आलं?"

"मी काढून दिलेलं."

कपाळ माझं! वॉर्डातल्या कुणा नेत्याच्या ऑफिसात कार्डाचा कॅम्प लागला होता. हिने शेजारणीला हाताला धरून नेलं, माझी बहीण आहे म्हणून सांगितलं आणि कार्डावर बापाच्या जागी स्वतःच्या मेलेल्या बापाचं नाव घातलं. वर घरी आणून पढवलं, पोलीस आला तर हे दाखव, गाव विचारलं तर माझ्या बापाचं सांग. पुढे भाडेकरूंची तपासणी निघाली. हवालदाराने दारात विचारलं, गाव कुठलं? तिने हिच्या बापाचं गाव सांगितलं. कुठला तालुका? ते तिला कुणी पढवलं नव्हतं. मग घाबरून तिने ट्रंकेतलं खरं कार्ड काढलं आणि दोन्ही कार्डं हवालदाराच्या हातात गेली.

मी ओरडले. वकिलांच्या अख्ख्या बाररूमने मान वळवली. "अहो, अक्कल गहाण टाकलेली का? तिच्याकडे सोन्यासारखा खरा कागद होता! आता पोलीस म्हणणार, खोटं नाव लावून लपून राहिली. जिच्यावर दया यायची ती आता फसवणूक करणारी झाली, कळतंय का तुम्हाला?"

बाई हलली नाही. एकेक कागद परत पिशवीत भरत राहिली.

"मॅडम, आम्ही आधी ठाण्याला कोळशेतला राहायचो, खाडीकडं, झोपड्यात," ती म्हणाली. "तोडायला आले तेव्हा ज्यांच्याकडं झोपडीचा सरकारी फोटोपास होता त्यांना खोल्या भेटल्या. माझ्या बापाने फोटोपास काढला नव्हता. म्हणायचा, एवढी वर्षं राहतो, समदे वळखतात, कागद कशाला? आम्ही बाळकुमच्या रस्त्याला ताडपत्री टाकून राहिलेलो. तिथंच गेला तो. त्या दिवसापासनं मी एक कागद सोडला नाय. ह्या बाईकडं बघितलं की मला माझा बाप दिसायचा. दिल्लीचं ते कार्ड इंग्रजीत, त्याच्यावर आपला शिक्का नाय, आपल्याकडं कोण मानतो त्याला? मी म्हटलं, हिला एक पक्का कागद करून देऊ या. मग कोण हाकलणार नाय."

माझा राग कुठे ठेवावा मला कळेना. तेवढ्यात मुलगी बाटली भरून आली आणि तिने आधी मला विचारलं, "मॅडम, पाणी?" मी प्यायले.

पिशवी मात्र मी तिला परत नेऊ दिली. ती जामीन राहिली असती तर कागद तपासताना तिच्या बापाचं नाव निघालं असतं, आणि तेच नाव आरोपीच्या कार्डावर बापाच्या जागी होतं. दोघी आत गेल्या असत्या. तिला मी निक्षून सांगितलं, कोर्टात मागच्या बाकावर बसायचं, तोंड उघडायचं नाही. तिचा नवरा कंपनीत कंत्राटावर होता; नोकरी जायच्या भीतीने तो मला भेटायलाही आला नाही. मी त्याला दोष देत नाही.

जेलमध्ये मी माझ्या अशिलाला भेटायला गेले. बारीक बाई, केस घट्ट बांधलेले, बोटांच्या टोकांना खड्यांचा गोंद लागून लागून कातडी टणक झालेली. तिच्या भाषेचा दुभाषी कुठून आणायचा या विवंचनेत मी होते, आणि ही जाळीपलीकडून म्हणते कशी, "मॅडम, तुम्ही जेवून आलाव ना?" थेट त्या पिशवीवाल्या शेजारणीची मराठी, हेलासकट.

मी तिला सरळ रस्ता सांगितला. "तू परकी, तुला इथली लिपी वाचता येत नाही. दुसऱ्याने कार्ड काढून दिलं, तू विश्वास ठेवलास, असं आपण सांगू. कुणी काढून दिलं ते मात्र सांगावं लागेल. त्याने जामिनाची आशा आहे, आणि परत न पाठवण्याबद्दल वरच्या कोर्टात भांडायलाही मला तोंड राहील."

"ताईचं नाव नाय घ्यायचं."

"ती स्वतःच म्हणतेय, माझं नाव घ्या."

"तिला काय कळतंय?" ती पहिल्यांदाच चिडली. "ती आत आली तर माझी पोरगी कुठं जाईल? होस्टेलात टाकतील. म्हणतील, ही पण परदेशी. मग तिला पण पाठवतील. मी गेली तर गेली. पोरगी तिकडं नाय जायला पायजे. तिकडं काय करतात पोरींचं, तुम्हाला सांगू?"

मी म्हटलं, नको सांगूस.

बालकल्याण समितीने मुलीचा तात्पुरता ताबा शेजारणीकडे दिला होता, चांगल्या चालीची, गुन्हा नसलेली शेजारीण म्हणून. शेजारणीवर गुन्हा लागला असता तर तो ताबा त्याच दिवशी गेला असता. माझ्या अशिलाने जेलमध्ये बसून हे सगळं बरोबर जोडलं होतं.

कोर्टात परतले तर शेजारणीने मला जिन्यातच गाठलं. "मी साहेबांपुढं उभी राहते. सांगते, मी केलंय. मला होऊ दे काय व्हायचं ते."

"आणि ही पोरगी?" मी मुलीकडे बोट केलं. "हिला कुणाच्या पदरात टाकून जाणार?"

ती भिंतीला टेकली. मग जिन्यातच, येणाऱ्याजाणाऱ्यांच्या पायांत, बसून ढसाढसा रडली. मुलगी तिच्या डोक्यावरून हात फिरवत राहिली. मी वकिली सोडून द्यावी असं मला त्या दुपारी मनापासून वाटलं.

जामीन नामंजूर झाला. कार्ड कुणी काढलं या प्रश्नावर आरोपीचं उत्तर एकच: कॅम्पात एक माणूस होता, चेहरा आठवत नाही. बापाचं नाव? त्यानेच काहीतरी घातलं. सरकारी वकील हसले. मीही त्यांच्या जागी हसले असते.

आणि मग तिने मला गुन्हा कबूल करायचंय म्हणून सांगितलं. खटला चालला तर कॅम्पातले लोक, चाळीतले लोक साक्षीला येतील, कुणीतरी बोलून जाईल, हे तिला कळत होतं. कबूल केलं की केस संपते, चौकशी थांबते. मी तिला चार-चार वेळा समजावलं. कबूल केलंस तर शिक्षा भोगून तू घरी जाणार नाहीस, तुला डांबून ठेवतील आणि परत पाठवायच्या मागे लागतील. दिल्लीच्या ऑफिसला मी पत्रांवर पत्रं लिहिलीत, पण खोट्या कागदाची शिक्षा झाल्यावर तेही हात आखडता घेतील. तिने सगळं ऐकून घेतलं. मग विचारलं, "पोरगी अभ्यास करते का? तिचं गणित कच्चं आहे."

कबुलीच्या दिवशी कोर्टात पंखे फिरत होते, तरी सगळे घामाघूम होते. शेजारीण मागच्या बाकावर, शेजारी मुलगी. मुलीला आणू नका असं मी बजावलं होतं; तरी आणली. आईला बघायचंय म्हणून तिने दोन दिवस अन्न सोडलं होतं, म्हणे.

मॅजिस्ट्रेट साहेब भले होते, उगाच खोटं कशाला सांगू? त्यांनी पेन खाली ठेवलं आणि तिला नीट विचारलं. कुणी धमकावलं का? कुणी लालूच दाखवली का? कबूल केल्याने काय होईल ते वकीलबाईंनी सांगितलं का? ती प्रत्येकाला उत्तर देत गेली. साहेब मला म्हणाले, "मराठी चांगली बोलते हो ही. कुठे शिकली?" मी म्हटलं, चाळीत, साहेब. मग त्यांनी तिला विचारलं, आणि त्यात खरोखर काळजी होती, "बाई, इथे तुझं कुणी आहे का? बहीण, भाऊ, नातेवाईक? कुणी असेल तर आत्ता सांग."

मी मागे बघितलं नाही. तिनेही नाही. शेजारीण बाकावरून अर्धी उठली असावी, कारण बाक करकरला आणि शिपायाने "बसा, बसा" केलं.

"नाय साहेब," माझी अशील म्हणाली. "इथं माझं कुणी नाय."

टायपिस्टने ते टाइप केलं. साहेबांनी शिक्षा सांगितली, पोलीस तिला बाजूच्या दाराने घेऊन गेले. जाताना तिने मुलीकडे पाहिलंसुद्धा नाही. पाहिलं असतं तर मुलगी ओरडली असती, शेजारीण उठून खरं बोलली असती, आणि मग सगळंच फुकट गेलं असतं.

बाहेर वडाच्या पाराजवळ शेजारीण माझी वाट बघत उभी होती. डोळे कोरडे. मुलगी तिच्या पदराला धरून उभी.

"मॅडम, ती आत बोलली ते लिहून घेतलं त्यांनी?"

"हो."

"शिक्का मारून?"

"हो. शिक्का असतो त्यावर."

तिने मान हलवली. जन्मभर तिने हेच तर मागितलं होतं, एक पक्का, शिक्क्याचा कागद. "म्हणजे आता कागदावर तिचं इथं कुणी नाय," ती म्हणाली.

तिने प्लास्टिकची पिशवी काखेत मारली, मुलीचं दप्तर आपल्या खांद्यावर घेतलं आणि तिला म्हणाली, "चल, शाळेत तुझ्या आईची सही मागितलीय ना, मी करते." मग थबकली, माझ्याकडे वळली आणि तिने विचारलं, "करू का मॅडम? का ते पण खोटंच होईल?"